म्हणे

डॉक्टर सावोलाइनेन दोन बोटांनी टाइप करतात.
पडदा त्यांच्याकडे वळलेला.
मी त्यांच्या चष्म्यात उलटी अक्षरं पाहत बसते.
सहा वर्षं, तीन डॉक्टर, तीन चष्मे.

शून्य ते दहा, किती दुखतं?
चार, मी म्हणते.

आमच्याकडे ओउलूत चार म्हणजे
रात्री दोनला जिन्याचा कठडा धरून
दिवा न लावता उभं राहणं.
आईने तीन दिवसांच्या बाळंतपणाला
"जरा लांबलं" म्हटलं होतं.
बाप बर्फ फुटून नदीत पडला, वर आला,
म्हणाला, गार आहे.
अशा घरची बाई चार म्हणते,
तेव्हा दोनाने गुणायचं असतं.
कोणी गुणत नाही.

सकाळी रग असते.
टपालाच्या सायकलवर टांग टाकताना सणक.
शेवटच्या पेट्यांपाशी ठसठस, मग ठणका,
आणि रात्री ती एक, जिला नाव नाही,
हाडाच्या आत कोणी ओली दोरी पिळत असल्यासारखी.
एक आकडा मावेल एवढ्या चौकोनात
यातलं काय बसवू?

"रक्त उत्तम आहे. एक्स-रे स्वच्छ.
पन्नाशी आली, हिल्लेवी. झोप कशी आहे?
घरी काही ताण?
थोडी कळ काढा."

कळच काढते आहे, डॉक्टर.
एवढं एकच काम मी सहा वर्षं न चुकता केलंय.

नोव्हेंबरात आमचा तेऱ्हो लंगडायला लागला.
प्राण्यांची डॉक्टर, पोरगेलीच, लोकरी मोजे घातलेली,
फरशीवर गुडघे टेकून बसली
आणि डोळे मिटून
त्याच्या पायावरून बोटं नेत राहिली, सावकाश.
तेऱ्होने एकदा पाय मागे घेतला.
एकदाच.
"हं. इथे दुखतंय याला."

त्याला कोणी विचारलं नाही
घरी काही ताण आहे का.

त्या संध्याकाळी मी कोट न काढता
स्वयंपाकघरात बसून राहिले.
तेऱ्हो बशी चाटत होता.
मला त्याचा हेवा वाटला, कुत्र्याचा,
आणि मग हसू आलं, आणि मग ते थांबेना.

वाटून उरलेल्या जाहिरातींच्या कोऱ्या पाठीवर
मी लिहायला घेतलं. तारीख, वेळ,
काय उचललं, किती पायऱ्या, कुठे थांबले.
आणि फ्रिजसमोर उभी राहून म्हणून पाहिलं, आठ.
पहिल्यांदा इतकं हळू निघालं
की फ्रिजची घरघर मोठी.

जानेवारीत गेले.
"आठ," म्हटलं. "मागे चार सांगितलं ना,
तेही आठच होतं."
त्यांनी वर पाहिलं. निळे डोळे आहेत त्यांना.
मी कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला,
वर सवलतीतल्या सामन माशाचा भाव.

"लिहिलंत ते वाचून दाखवा."
घसा खाकरून त्यांनी वाचलं,
*डावी कंबर सतत दुखते म्हणे.*

"म्हणे काढा."

"तो नुसता शिरस्ता आहे. एक शब्द."

"शब्द असेल तर निघेल.
आणि एमआरआय देणार नसाल
तर तेही नोंदवा. का नाही, ते कारणासकट."

आवाज थरथरला माझा.
थरथरला तर थरथरला.
बराच वेळ फक्त रेडिएटर बोलत होता.
मग टकटक ऐकू आली. खोडण्याची की लिहिण्याची,
चष्म्यातून कळेना,
म्हणून मी उठून पडद्याच्या बाजूला गेले.

अकरा आठवड्यांनी तारीख आहे.
तोवर दुखेल. नंतरही दुखेल.
चित्रात काही दिसणारही नाही कदाचित.
मग पुन्हा यावं लागेल, गठ्ठा अजून जाड करून.

थांब्यावर बर्फाचा उंचवटा, त्यापलीकडे बसची पायरी.
एरवी मी दात खाऊन चढते.
दाराशेजारी एक निळी कळ असते,
ती म्हाताऱ्यांसाठी, चाकाच्या खुर्चीवाल्यांसाठी,
असं मीच धरून चालले होते.

कळ दाबण्यात माझा हात कोण धरणार!
पण आज ही दाबली.
बसने फुस्स केलं
आणि माझ्या बाजूचा गुडघा टेकला.

मागे तिघंजण उभे होते.
थांबले.